वल्हं ज्याच्या हाती, सत्ता त्याच्या हाती? ग्रीक नगरराज्यांतलं सैन्य आणि राजकारण

ऐलतीर (धागाकर्ता)

इ.स.पू. ४८३ साली अथेन्सच्या सभेपुढे एक प्रश्न आला. लॉरियनच्या खाणीत चांदीची मोठी शीर लागली होती. प्रत्येक नागरिकाला दहा-दहा द्राख्मा (चांदीची नाणी) वाटून मोकळं व्हावं, असा सगळ्यांचा कल होता. थेमिस्टोक्लिस नावाचा पुढारी उभा राहिला आणि म्हणाला, वाटू नका, या पैशातून युद्धनौका बांधा. सभेनं ऐकलं. इतिहासकार हेरोडोटस दोनशे नौकांचा आकडा देतो. तीनच वर्षांनी सलामिसच्या अरुंद खाडीत याच नौकांनी इराणी आरमाराची दाणादाण उडवली.

ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. तिच्या पोटात दुसरी एक गोष्ट आहे, आणि हा धागा तिच्यासाठी काढतोय.

त्याआधीची शंभरेक वर्षं लढाई म्हणजे हॉपलाइटांची लढाई. जवळपास तीन फूट व्यासाची गोल ढाल, शिरस्त्राण, पायांना पत्रे, हातात लांब भाला, आणि हे सगळं ज्यानं त्यानं स्वतःच्या खर्चानं आणायचं. म्हणजे थोडीफार जमीन, बैलांची जोडी असलेला शेतकरीच रणांगणात उभा राहू शकायचा. सोलोननं इ.स.पू. ५९४ च्या सुमारास नागरिकांचे उत्पन्नावरून चार वर्ग पाडले होते. सगळ्यात खालचा वर्ग म्हणजे थीट. मजुरी करणारा, ढाल विकत घेण्याची ऐपत नसलेला. त्याला सभेत आणि न्यायसभेत बसता येई, पण अधिकारपद नाही. युद्धातही त्याला कोणी मोजत नव्हतं.

नौकेनं हे गणित फिरवलं. ट्रायरीमवर, म्हणजे तीन थरांत वल्ही असलेल्या युद्धनौकेवर, सुमारे २०० माणसं लागत आणि त्यातले १७० वल्हेकरी. वल्हं मारायला जमीन लागत नाही, दंडात ताकद आणि अंगात शिस्त लागते. शहराचं रक्षण, धान्याच्या जहाजांची वाट, मित्रराज्यांकडून येणारी खंडणी, हे सगळं आता ज्यांच्या जिवावर चालायचं ते हेच थीट.

त्या काळातल्या एका लोकशाहीविरोधी लेखकाचं छोटं टिपण शिल्लक आहे. लेखकाचं नाव कळत नाही, आज त्याला ‘वृद्ध उमराव’ म्हणून ओळखतात. त्याला अथेन्सची राज्यव्यवस्था मुळीच आवडत नाही. तरीही तो कबूल करतो की गरिबांना तिथे श्रीमंतांपेक्षा जास्त मिळतं ते न्याय्यच आहे, कारण नौका तेच चालवतात आणि शहराला बळ तेच देतात. विरोधकाच्या तोंडची ही कबुली मला कुठल्याही स्तुतीपेक्षा मोलाची वाटते.

ॲरिस्टॉटलनं पुढे याचा नियमच मांडला. घोडदळाला सोयीचा प्रदेश असेल तिथे मूठभरांची सत्ता, हॉपलाइटांचं सैन्य असेल तिथे मधल्या वर्गाकडे झुकणारी, आणि हलकं पायदळ व आरमार असेल तिथे लोकशाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं: ग्रीक नगरराज्यात राजकीय हक्क विचारवंतांनी दिले नाहीत. शहराला ज्या हातांवाचून चालेना, त्या हातांनी ते घेतले. याच्या बाजूनं आणि विरोधात, दोन्ही बाजूंनी वाचायला आवडेल.

कोकणकडा

धागा उत्तम, पण कार्यकारणभाव उलटा लागतोय असं माझं स्पष्ट मत आहे.

क्लेइस्थेनिसच्या सुधारणा इ.स.पू. ५०८ च्या. दहा नव्या टोळ्या, शंभराहून जास्त गाव-वाड्यांची पायाभूत एककं, ५०० जणांचं मंडळ, सगळं तेव्हाच उभं राहिलं. तेव्हा अथेन्सकडे सांगण्यासारखं आरमार नव्हतं. तुम्ही स्वतःच लिहिलंय की चांदीचं काय करायचं हे ४८३ साली सभेनं ठरवलं. म्हणजे सभा आधी, नौका नंतर! लोकांच्या हातात निर्णय होता म्हणूनच आरमार झालं. राजा किंवा चार घराणी असती तर ती चांदी कुठे गेली असती हे सांगायला नको.

दुसरं, इराण्यांविरुद्धची मॅरेथॉनची लढाई. इ.स.पू. ४९०. ती लढाई हॉपलाइटांनी जिंकली, आणि अथेन्सच्या लोकांना पुढची कित्येक दशकं अभिमान होता तो मुख्यतः मॅरेथॉनचा.

गलबत

मी जहाजावर नोकरी केलेला माणूस, म्हणून आधी वल्ह्यांबद्दल.

अथेन्सजवळ फालिरोला ‘ऑलिंपियास’ नावाची ट्रायरीम आहे. १९८७ साली जुन्या पुराव्यांवरून नव्यानं बांधलेली. पिरेयसला, म्हणजे अथेन्सच्या बंदरात, आमचं जहाज थांबलं असताना मी ती मुद्दाम जाऊन पाहिली. लांबी साधारण ३७ मीटर, रुंदी साडेपाचच्या आसपास. एवढ्याशा जागेत १७० माणसं तीन थरांत बसवलेली. वरच्या थरात ६२, मधल्यात ५४, तळात ५४. तळातल्याला बाहेरचं काही दिसत नाही, वरच्याचे पाय त्याच्या डोक्याशी. प्रत्येकाचं वल्हं स्वतंत्र, आणि शेजाऱ्याच्या वल्ह्यापासून ते वीतभर अंतरावर चालतं. एकाचा ठेका चुकला की चार वल्ही एकमेकांत अडकतात. म्हणून बासरीसारखं वाद्य वाजवणारा एक माणूस सगळ्यांना तालात ठेवायचा.

त्या काळच्या थ्युसिडिडिस या इतिहासकारानं एका मोहिमेचं वर्णन करताना सांगितलंय की खलाशी आपापलं वल्हं, बसायची गादी आणि वल्हं बांधायचा चामड्याचा पट्टा घेऊन कॉरिंथहून मेगाराच्या बंदराकडे चालत गेले. ही गादी चैनीची नव्हती. तासन् तास घासून त्या जागी कातडं सोलवटून निघत असणार, हे ज्यानं होडी वल्हवलीय त्याला सांगावं लागणार नाही.

हे लिहायचं कारण असं की हे काम कोणीही रस्त्यावरून उचललेला माणूस करू शकत नव्हता. वर्षानुवर्षांचा सराव लागायचा. अथेन्सचा पुढारी पेरिक्लिस म्हणतोच की समुद्रावरचं कौशल्य ही सवडीनं, जाता जाता शिकायची गोष्ट नाही. ज्याला बदली माणूस सहज मिळत नाही त्याचा शब्द ऐकावा लागतो. आणि ही माणसं एकत्र राहायची. नौकेवर झोपायला, स्वयंपाकाला जागाच नसते, त्यामुळे रोज संध्याकाळी किनाऱ्याला लागायचं, सगळ्यांनी मिळून जेवायचं. राजकारणाच्या गप्पा कुठे होत असतील याची कल्पना करा.

ऐलतीर

@कोकणकडा, सभा आधी होती हे मान्यच. पण सभेत बसणं आणि राज्य चालवणं यात अंतर आहे, आणि ते अंतर कधी मिटलं ते पाहा.

इ.स.पू. ४८७ पासून आर्खोन, म्हणजे वर्षाचे मुख्य अधिकारी, चिठ्ठ्या टाकून निवडले जाऊ लागले. ४६२ साली एफिआल्टिसनं अरिओपागस या जुन्या वजनदार मंडळाचे बहुतेक अधिकार काढून सभा, मंडळ आणि न्यायसभांकडे दिले. नंतरच्या काळातला चरित्रकार प्लुटार्क सांगतो की सरदारांचा नेता किमोन मोहिमेवर बाहेर असतानाच हे झालं. किमोन त्या सुमारास स्पार्टाच्या मदतीला हॉपलाइट घेऊन गेला होता. आणखी पाचेक वर्षांनी आर्खोनपद तिसऱ्या वर्गाला खुलं झालं. न्यायसभेत बसायचा दोन ओबोल (लहान नाणी) भत्ता पेरिक्लिसनं सुरू केला, पुढे क्लेऑन या पुढाऱ्यानं तो तीन केला. आर्खोनांच्या चिठ्ठ्या सोडल्या तर हे सगळं सलामिसनंतरच्या साठेक वर्षांत.

थीटांना आर्खोनपद कायद्यानं कधीच मिळालं नाही, हे तुमच्या बाजूनं सांगायला हवं. पण ॲरिस्टॉटलच्या नावावरच्या अथेन्सच्या राज्यघटनेत एक मजकूर आहे: पदासाठी चिठ्ठी टाकायला आलेल्याला विचारतात, तुझा वर्ग कुठला? आणि कोणीही ‘थीट’ असं उत्तर देत नाही. कायदा तसाच राहिला आणि व्यवहारानं त्याला वळसा घातला.

माझ्या म्हणण्याची खरी कसोटी मात्र इ.स.पू. ४११ ची आहे.

स्पार्टाशी युद्ध चालू. सिसिलीत आरमार बुडालेलं, पैसा संपलेला, शत्रू अथेन्सजवळच्या डेकेलियात ठाण मांडून बसलेला. अथेन्समधल्या श्रीमंत गटानं सभा बोलावली ती नेहमीच्या प्निक्स टेकडीवर नाही, तर तटाबाहेर कोलोनसला. बाहेर शत्रूचा धोका, त्यामुळे निःशस्त्र गरीब तिथे फारसे जाणार नव्हते. त्या सभेत लोकशाही मोडून ४०० जणांची सत्ता आली. आणि त्या वेळी वल्हेकरी कुठे होते? बहुतेक सगळे सामोस बेटावर, आरमारात.

पारालस नावाची सरकारी नौका होती, तिच्यावरचे सगळे जण स्वतंत्र अथेनियन नागरिक, आणि मूठभरांच्या सत्तेचे कट्टर विरोधक. तिच्यातला खायरिआस नावाचा माणूस चारशेंच्या हातून निसटून सामोसला पोचला आणि शहरात काय चाललंय ते त्यानं सांगितलं, बरंचसं तिखटमीठ लावून. आरमारानं तिथेच, परक्या बेटावर, सभा भरवली. जुने सेनापती काढले, थ्रॅसिब्युलस आणि थ्रॅसिलस यांना निवडलं. आणि त्यांचा युक्तिवाद काय होता तर, आम्ही शहराविरुद्ध बंड केलेलं नाही, शहरानं आमच्याविरुद्ध केलंय, ते थोडे आहेत आणि आम्ही जास्त, नौका आमच्याकडे आहेत, खंडणी आम्हीच गोळा करू शकतो.

चारशेंची सत्ता चार महिनेच टिकली. नंतर आलेली सत्ता ‘पाच हजारांची’, म्हणजे स्वतःच्या खर्चानं हॉपलाइटाची शस्त्रं आणू शकणाऱ्यांची. पुढच्या वर्षी किझिकसला आरमारानं मोठा विजय मिळवला आणि मग पूर्ण लोकशाही परत आली. कोणत्या शस्त्राचा वर्ग राज्य करणार, हा त्या दोन वर्षांतला उघड प्रश्न होता.

सांजवात

पारालसची गोष्ट पहिल्यांदाच वाचली, धन्यवाद. एक शंका आहे. शस्त्र हातात असलेला हक्क घेतो, हे खरं असेल तर स्पार्टाचं काय? तिथे हेलॉट गुलाम सैन्याबरोबर जायचे ना? मग त्यांना काहीच कसं मिळालं नाही?

नागकेशर

@सांजवात, या धाग्याला हाच प्रश्न हवा होता. मी इतिहास शिकवते आणि स्पार्टाच्या शौर्याच्या गोष्टींनी भारावलेली मुलं दरवर्षी भेटतात. ते शौर्य कशावर उभं होतं हे त्यांना सांगणं मला गरजेचं वाटतं.

इराण्यांविरुद्धच्या प्लाटेआच्या लढाईत, इ.स.पू. ४७९, हेरोडोटसच्या हिशेबानं ५,००० स्पार्टन नागरिक होते आणि त्यांच्याबरोबर ३५,००० हेलॉट. एकामागे सात. म्हणजे रणांगणावर हेलॉट होते, मोठ्या संख्येनं होते. स्पार्टन नागरिक एकमेकांना ‘समान’ म्हणवत. दोन राजे, २८ वृद्धांची परिषद, दरवर्षी निवडले जाणारे पाच इफॉर (मुख्य अधिकारी), नागरिकांची सभा, कागदावर बरीच समतोल व्यवस्था. पण सातव्या वर्षापासून मुलांना छावणीत घालून घडवलेलं हे सैन्य बाहेरच्या शत्रूइतकंच घरातल्या शेतमजुरांसाठी होतं. ॲरिस्टॉटलचा हवाला देऊन प्लुटार्क सांगतो की इफॉर पदावर आले की पहिल्यांदा हेलॉटांविरुद्ध युद्ध जाहीर करत, म्हणजे हेलॉटाला मारण्याचं पाप लागू नये.

आणि लढणाऱ्या हेलॉटाला काय मिळालं? थ्युसिडिडिस सांगतो: स्पार्टानं जाहीर केलं की युद्धात सगळ्यात जास्त पराक्रम केला असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढे यावं, त्यांना मुक्त करू. सुमारे २,००० निवडले गेले. डोक्यावर हार घालून ते देवळांना प्रदक्षिणा घालून आले. थोड्याच दिवसांत ते सगळे नाहीसे झाले, आणि प्रत्येकाचा शेवट कसा झाला हे कोणालाच कळलं नाही. जो स्वतःहून पुढे येतो तोच उद्या बंड करील, हा हिशेब. हे वाचताना दरवेळी अंगावर काटा येतो.

आता सिनाडॉन. इ.स.पू. ३९९ च्या सुमाराचा हा कट इतिहासकार झेनोफोननं नोंदवलाय. सिनाडॉन तरुण, धाडसी, पण ‘समानां’पैकी नव्हे. त्यानं एका माणसाला स्पार्टाच्या बाजारात नेलं आणि म्हणाला, इथे स्पार्टन किती आहेत ते मोज. त्या माणसानं राजा, इफॉर, वृद्ध मंडळी धरून चाळीसच्या आसपास मोजले. सिनाडॉन म्हणाला, हे तुझे शत्रू समज आणि बाजारातले बाकीचे चार हजारांवर लोक तुझे साथीदार. मग शस्त्रांचा विषय निघाला. सिनाडॉननं त्याला लोखंडाच्या बाजारात नेऊन सुऱ्या, तलवारी, सळया, कुऱ्हाडी, विळे दाखवले आणि सांगितलं, जमीन, लाकूड, दगड यांवर काम करणाऱ्यांची अवजारंही शस्त्रंच आहेत, समोरच्याकडे काहीच नसेल तर पुरेशी आहेत.

त्या माणसानं इफॉरांना खबर दिली. इफॉरांनी सिनाडॉनला शहरात हात लावला नाही, कामाच्या निमित्तानं औलोनला पाठवून तिकडे पकडला. हे का केलंस, असं विचारल्यावर त्याचं उत्तर होतं: स्पार्टात कोणाहूनही कमी असू नये म्हणून.

तेव्हा @ऐलतीर, शस्त्र हाती असणं पुरत नाही. अथेन्सचा थीट मुळात नागरिक होता, सभेत बसायचा हक्क त्याला आधीपासून होता आणि आरमारानं त्या हक्काला वजन दिलं. हेलॉटाला एकत्र जमायचीच सोय नव्हती. सामोसवर सभा भरली, कारण तिथल्या माणसांना सभा कशी भरवतात हे ठाऊक होतं. या मुद्द्यावर मी कोकणकडा यांच्या बाजूनं आहे.

कोकणकडा

नागकेशर, अगदी हेच म्हणायचं होतं. त्यात भर: स्पार्टाला शेवटी माणसंच पुरली नाहीत. सामूहिक भोजनाचा वाटा भरता आला नाही की नागरिकत्व जायचं, आणि जमीन थोड्यांच्या हातात एकवटत गेली. थीब्जविरुद्ध ल्यूक्ट्राला, इ.स.पू. ३७१, मैदानात ७०० स्पार्टन नागरिक होते, त्यातले ४०० पडले. एका दुपारी निम्म्याहून जास्त गेले. पाठोपाठ थीब्जचा सेनापती एपामिनोंडास स्पार्टाच्या ताब्यातल्या मेसेनियात उतरला, तिथले हेलॉट मुक्त केले, त्यांचं शहर वसवलं. आणि परत आल्यावर त्याच्यावर खटला, कारण सेनापतिपदाची मुदत संपल्यावरही त्यानं सैन्य सोडलं नव्हतं! तो सुटला, पण खटला झाला हे महत्त्वाचं.

उंबरठा

चर्चा सुंदर चाललीय, पण सगळे जण एका बाकावर बसलेल्यांबद्दलच बोलताहेत. त्या बाकाचे पैसे कोणी भरले?

एक द्राख्मा रोज धरला तर २०० माणसांच्या एका नौकेचा महिन्याचा पगार ६,००० द्राख्मा, म्हणजे बरोबर एक टॅलंट. पेरिक्लिसनं स्पार्टाबरोबरच्या युद्धाच्या सुरुवातीला ३०० नौका तयार असल्याचं सांगितलं. त्या सगळ्या भरायच्या तर ६०,००० माणसं हवीत, एवढे प्रौढ नागरिक अथेन्सकडे नव्हतेच. म्हणजे वल्ह्यांवर पगारी परदेशी होते, अथेन्समध्ये राहणारे पण नागरिक नसलेले मेटिक होते, गुलामही होते. मेटिक हॉपलाइट म्हणूनही लढत, वर खास कर भरत. मत त्यांना नव्हतं. उलट ४५१ साली पेरिक्लिसच्याच कायद्यानं आई-वडील दोघेही अथेनियन असतील त्यालाच नागरिक मानायचं ठरलं. आरमार वाढत होतं त्याच काळात दार बंद होत होतं. बायकांचं तर नावच नाही.

आणि पैसा? अथेन्स आणि मित्रराज्यांच्या डेलॉसच्या संघाचा खजिना ४५४ साली अथेन्सला हलवला. संघ इराणविरुद्धचा, पण खंडणी अथेन्सच्या तिजोरीत.

लेस्बॉस बेटावरच्या मितिलिनी शहराचं उदाहरण घ्या. ४२८ साली त्या शहरानं बंड केलं आणि ४२७ मध्ये ते शरण आलं. अथेन्सच्या सभेनं रागाच्या भरात ठरवलं, सगळ्या प्रौढ पुरुषांना ठार करा, बायकामुलं गुलाम. नौका निघालीसुद्धा. रात्रीत लोकांचं मन खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा. क्लेऑन म्हणाला, निर्णय बदलू नका. डायोडोटस म्हणाला, त्यांचा अपराध कितीही मोठा असो, यात आपलं हित नाही. हात वर झाले तेव्हा दोन्हीकडची संख्या जवळजवळ सारखी, डायोडोटस थोडक्यात जिंकला.

दुसरी नौका सोडली. पहिली एक दिवस-रात्र पुढे. मितिलिनीच्या वकिलांनी खलाशांसाठी दारू आणि सातूचं पीठ भरून दिलं, वेळेत पोचलात तर मोठं बक्षीस देऊ म्हणाले. खलाशांनी वल्हं न सोडता दारू-तेलात कालवलेलं पीठ खाल्लं, आळीपाळीनं झोपले. पहिल्या नौकेवरच्यांना असल्या कामाची घाई नव्हती. तरी ती आधी पोचली. सेनापती पाकिसनं हुकूम वाचला, आता अंमल करणार, एवढ्यात दुसरी नौका बंदरात शिरली.

शहर वाचलं. पण बंडाचे म्होरके म्हणून हजाराच्या वर माणसं तरीही मारली गेली. आणि बेटावरच्या जमिनीचे ३,००० तुकडे पाडले, ३०० देवांना, २,७०० अथेनियन नागरिकांना. लेस्बॉसच्या लोकांनी तीच जमीन कसायची आणि तुकड्यामागे वर्षाला २०० द्राख्मा अथेनियन मालकाला द्यायचे. वल्हेकऱ्याच्या मताची किंमत लेस्बॉसच्या शेतकऱ्यानं भरली, हे या धाग्यात लिहिलं गेलं पाहिजे.

ऐलतीर

@उंबरठा, लिहिलं गेलं, आणि बरं झालं. माझ्या मांडणीतून ते वगळता येणार नाही. ४१६ साली मेलॉस बेटाला दुसरी नौका गेली नाही, तिथले पुरुष मारले गेले आणि बायकामुलं विकली गेली.

एकच जोड देतो. ४०६ मध्ये आर्गिनुसाईच्या लढाईसाठी नौका भरायला माणसं उरली नव्हती, तेव्हा गुलामांना वल्ह्यावर बसवलं आणि लढल्याबद्दल त्यांना स्वातंत्र्य दिलं. दार अगदीच बंद नव्हतं, पण शहर बुडायला आल्यावरच ते किलकिलं व्हायचं.

सांजवात

आणि सेनापती? एवढं सैन्य हातात असताना त्यांनी सत्ता बळकावली कशी नाही?

नागकेशर

काही शहरांत बळकावली. सिसिलीतल्या सिराक्यूजला डायोनिसियस इ.स.पू. ४०५ मध्ये सेनापतिपदावरूनच हुकूमशहा झाला. अथेन्सनं मात्र सेनापतींना विलक्षण जखडून ठेवलं होतं.

बाकीची बहुतेक पदं चिठ्ठीनं, पण दहा सेनापती मतदानानं, कारण युद्ध नशिबावर सोडता येत नाही. कितीही वेळा निवडून येता येई. पेरिक्लिस सलग पंधरा वर्षं आला, आणि त्याची सगळी सत्ता याच पदातून होती. पण वर्षातून दहा वेळा सभेपुढे प्रश्न यायचा, सेनापती नीट काम करताहेत का? नाही म्हटलं की पद गेलं, खटला उभा. मॅरेथॉनचा विजेता मिल्टिआडिस दुसऱ्याच वर्षी पारोसला अपयशी ठरला आणि त्याला ५० टॅलंट दंड झाला. पेरिक्लिसला ४३० मध्ये दंड झाला. थ्युसिडिडिस स्वतः सेनापती होता, अँफिपोलिस हातचं गेलं म्हणून वीस वर्षं हद्दपार.

याची दुसरी बाजू सिसिलीत दिसते. सिराक्यूजपुढे सैन्य खंगलंय, माघार हाच मार्ग आहे, पण अथेन्सचा सेनापती निकियस हलायला तयार नाही. तो म्हणतो, आज इथे दैना झाली म्हणून ओरडणारे हेच सैनिक अथेन्सला गेल्यावर म्हणतील की सेनापतींनी लाच खाऊन माघार घेतली. तिथे अन्यायानं मरण्यापेक्षा इथे शत्रूच्या हातून मेलेलं बरं. शेवटी निघायचं ठरलं तर चंद्रग्रहण लागलं आणि ज्योतिष्यांच्या सांगण्यावरून त्यानं मुक्काम आणखी वाढवला. सगळं सैन्य गेलं.

आर्गिनुसाईचंही तेच. लढाई जिंकली, पण बुडणाऱ्या नौकांवरची माणसं वादळामुळे वाचवता आली नाहीत. आठ सेनापतींवर एकगठ्ठा खटला, हजर असलेल्या सहांना मृत्युदंड. त्यात पेरिक्लिसचा मुलगा होता. त्या दिवशी सभेच्या अध्यक्षमंडळात सॉक्रेटिस होता, आणि हे कायद्याला धरून नाही म्हणून अडून बसलेला तो एकटाच. लोकांना नंतर पश्चात्ताप झाला. मेलेले सेनापती परत आले नाहीत, आणि पुढच्याच वर्षी एगोस्पोटामीला आरमार गेलं.

माझं मत विचाराल तर, सत्ता बळकावणाऱ्या सेनापतीपेक्षा हे बरं. पण मोठी किंमत देऊन.

कोकणकडा

सत्ता बळकावणाऱ्यांवरून आठवलं. हे लोक पहिली गोष्ट काय करायचे? शस्त्रं गोळा करायची. अथेन्सचा हुकूमशहा पिसिस्ट्राटस यानं इ.स.पू. सहाव्या शतकात सगळ्यांना शस्त्रांसह बोलावलं आणि मुद्दाम हळू आवाजात बोलायला लागला. ऐकू येईना म्हणून लोक ॲक्रोपोलिसच्या दाराशी गेले, शस्त्रं मागे राहिली, ती त्याच्या माणसांनी उचलून कुलुपात टाकली. ४०४ मध्ये स्पार्टाच्या आशीर्वादानं आलेल्या ‘तीस’ जणांनीही संचलनाच्या निमित्तानं तेच केलं. त्यांच्या यादीतल्या ३,००० जणांकडे शस्त्रं राहिली, बाकी सगळ्यांची ॲक्रोपोलिसवर नेऊन ठेवली.

प्लुटार्क आणखी एक गोष्ट सांगतो. प्निक्सवरचा भाषणाचा चौथरा समुद्राकडे तोंड करून होता, तो या तिसांनी जमिनीकडे वळवला, कारण त्यांच्या मते समुद्रावरची सत्ता हीच लोकशाहीची आई.

तेव्हा @ऐलतीर, हक्क कसे मिळाले यावर आपले मतभेद कायम, पण हक्क काढून घेणाऱ्यांना तुमचा नियम पाठ होता हे मी मान्य करतो.

गलबत

तिसांना थ्रॅसिब्युलसनं घालवलं. सामोसवाला तोच. सुरुवात फिलेच्या किल्ल्यावर सत्तरेक माणसांनिशी, आणि मग थेट पिरेयस, खलाशांची वस्ती. ४०३ मध्ये लोकशाही परत आली, आणि सूड न घेण्याची शपथ सगळ्यांनी घेतली.

शेवटही आरमाराशीच जोडलेला आहे. अलेक्झांडर मेल्यावर अथेन्सनं मॅसेडोनियाविरुद्ध उठाव केला. इ.स.पू. ३२२ मध्ये अमोर्गोसजवळ आरमार हरलं, त्यातून ते पुन्हा उभं राहिलं नाही. त्याच वर्षी क्रानोनला जमिनीवरही हार झाली. मॅसेडोनियाचा सेनापती अँटिपॅटर यानं पिरेयसजवळच्या मुनिखिया टेकडीवर फौज बसवली आणि अट घातली: २,००० द्राख्मांची मालमत्ता असेल तोच नागरिक. प्लुटार्कच्या म्हणण्याप्रमाणे १२,००० हून जास्त लोकांचे हक्क एका फटक्यात गेले, आणि त्यातल्या अनेकांना थ्रेसमध्ये जमीन देऊन पाठवलं.

कोकणकडा

@गलबत, अट मालमत्तेची होती, वल्ह्याची नव्हे!

गलबत

वल्ह्याची अट घालायची गरजच उरली नव्हती. चार वर्षांनी लोकशाही थोड्या महिन्यांसाठी परत आली, आधीच्या सत्तेतला नेता फोकिऑन याला विष प्यावं लागलं, आणि ३१७ मध्ये अँटिपॅटरचा मुलगा कासांडर यानं पुन्हा मालमत्तेची अट आणली. या वेळी १,००० द्राख्मा. मुनिखियावरची फौज तिथेच होती.